पटाशी, रंधा, करवत: धार नेमकी लागते कशी, ते सोप्या भाषेत

नवी पटाशी (लाकूड कोरायचं सपाट पात्याचं हत्यार) दुकानातून आणली म्हणजे ती धारदारच असणार, असं समजू नका. कंपनीतून ती फक्त घासून, आकार देऊन येते, धार आपल्यालाच लावायची असते, आणि हे दुकानदार सहसा सांगत नाही. दरवर्षी तान्ह्या पोळ्याच्या (लेकरांच्या पोळ्याच्या) आधी नागपुरात कितीतरी हौशी बाप लेकरासाठी घरीच लाकडाचा नंदी कोरायला बसतात, ऑनलाइन पटाश्यांचा सेट मागवतात, आणि पहिल्याच दिवशी वैतागतात, कारण लाकूड कापायच्या ऐवजी फाटतं, दबतं, मग मोगरीनं (लाकडी हातोड्यानं) जोर लावून ठोकतात, पटाशी सटकते आणि डाव्या हाताला लागते. बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा जास्त धोक्याचं, ते याच्यामुळं. जोर जास्त लागतो आणि जोरावर कंट्रोल राहत नाही.

म्हणून आधी धार म्हणजे काय ते समजून घेऊ, मग घासायचं कसं ते आपोआप कळतं.

पटाशीला दोन बाजू. एक सपाट, तिला पाठ म्हणू. दुसरी तिरपी उतरलेली, तिला उतार म्हणू. ह्या दोन बाजू जिथं एकमेकीला भेटतात ती रेषा म्हणजे धार. बास, एवढंच. दोन्ही बाजू जितक्या गुळगुळीत तितकी ती रेषा बारीक. वापरून वापरून ही रेषा गोल होते, म्हणजेच बोथट होते. डोळ्यानं ते बघता येतं: पातं खिडकीच्या उजेडाकडं करा, धार सरळ डोळ्यासमोर येऊ द्या आणि हळूहळू तिरपं करत जा. कडेवर पांढरी चमकती रेघ दिसली तर तिथं धार गोल झालेली आहे, कारण उजेड परत फिरायला तिथं जागा आहे. चांगल्या धारेवर अशी रेघ दिसतच नाही. एखाद्या ठिकाणी ठिपका चमकला तर तिथं खाच पडलेली आहे.

आता मुख्य गोष्ट. लोक फक्त उतार घासत बसतात आणि पाठीकडं बघतच नाहीत. अहो, धार दोन बाजूंनी बनते, त्यातली अर्धी तर पाठच आहे! नव्या पटाशीच्या पाठीवर मशीनच्या घासणीचे ओरखडे असतात आणि यातला प्रत्येक ओरखडा कडेपर्यंत जातो, तिथं बारीकसा दाता तयार करतो. उतार कितीही चकाचक केला तरी ही पाठ खरखरीत आहे तोवर ती पटाशी नीट कापणार नाही. म्हणून नवं हत्यार आणलं की पहिलं काम पाठ सपाट करणं. पूर्ण पाठ घासायची गरज नाही, टोकापासून एखादा इंच, 25-30 मिलिमीटर, तेवढंच कामाचं.

यासाठी महागडा दगड लागत नाही. काचेच्या दुकानातून 8 किंवा 10 मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा आणा, कापून उरलेला चालतो, फक्त कडा घासून घ्या म्हणजे हात कापणार नाही. काच बरीच सपाट असते, हाच तिचा फायदा. तिच्यावर पाणी शिंपडून वॉटर पेपर (पाण्यावर चालणारा पॉलिश पेपर) चिकटवा. 220 नंबरनं सुरू करा (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक), मग 400, 800, शेवटी 1500 किंवा 2000. पाठ कागदावर पूर्ण टेकवून पुढं-मागं घासायची, दांडा जरासुद्धा वर उचलायचा नाही, उचलला की कड गोल झाली समजा. 220 वर सगळ्या ओरखड्यांची दिशा एकसारखी दिसेपर्यंत थांबायचं नाही, इथंच सगळा वेळ जातो, पुढचे नंबर पटापट होतात. एक पटाशी अर्धा तास खाऊ शकते, पण हे काम आयुष्यात एकदाच करायचं आहे, त्यानंतर पाठीला फक्त सगळ्यात बारीक कागद किंवा दगड दाखवायचा.

मग उताराचा कोन. सुतारकामाच्या साध्या पटाशीला 25 ते 30 अंश. हातानं हलकं तासायचं असेल तर 25 च्या आसपास, मोगरीनं ठोकून भोक पाडायचं असेल तर 30 किंवा थोडं जास्त, कारण बारीक कोनाची धार ठोक्यानं तुटते. कोन मोजायला कोनमापक पाहिजेच असं नाही. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असली की तो 30 अंश, आणि जाडीच्या साधारण 2.4 पट असली की 25 अंश. पातं 3 मिलिमीटर जाड असेल तर 6 मिलिमीटरचा उतार म्हणजे 30 आणि 7 च्या थोडा वर म्हणजे 25. स्टीलच्या पट्टीनं हे एका मिनिटात कळतं. हात स्थिर राहत नसेल तर छोटं चाक असलेला धारेचा गाइड मिळतो, पातं त्यात आवळायचं आणि ढकलायचं. बाजूनं पकडणाऱ्या गाइडमध्ये पटाशी 30 मिलिमीटर बाहेर काढली की 30 अंश आणि 40 मिलिमीटर काढली की 25, हे बऱ्याचदा गाइडच्या अंगावरच कोरलेलं असतं. गाइड वापरणं म्हणजे कच्चेपणा असं काही जुने मिस्त्री म्हणतात, मला ते पटत नाही. रोज धार लावणाऱ्याचा हात आपोआप बसतो, महिन्यातून दोनदा हत्यार उचलणाऱ्याचा कसा बसेल?

एक युक्ती अजून. पूर्ण उतार 25 चा ठेवायचा आणि फक्त टोकाची मिलिमीटरभर पट्टी 30 ला घासायची. म्हणजे दरवेळी आख्खा उतार घासावा लागत नाही, तेवढ्या पट्टीवर दहा-पंधरा हात मारले की काम झालं. ती पट्टी वाढत वाढत रुंद झाली की मग एकदा पूर्ण उतार परत 25 ला आणायचा.

आता ज्या गोष्टीवर सगळं अवलंबून आहे तिच्याकडं येतो. दगडावर (किंवा काचेवरच्या त्याच कागदावर) उतार घासत राहिलात की एक वेळ अशी येते की धातू कडेच्या पलीकडं, पाठीच्या बाजूला, किंचित वळून उभा राहतो. वर्कशॉपमध्ये याला बर म्हणतात. डोळ्याला ती सहसा दिसत नाही, बोटाला कळते. अंगठा पाठीवर ठेवून धारेच्या दिशेनं बाहेर सरकवा, धारेच्या लांबीवरून नाही, नाहीतर अंगठा कापेल. कडेशी काहीतरी खरखरीत अडलं की बर आली. ही बर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मधे एखाद्या ठिकाणी नसेल तर तिथं दगड अजून धारेपर्यंत पोचलाच नाही, मग बाकी सगळं कितीही चमकवा, तो भाग बोथटच राहणार. बहुतेक लोकांची धार बिघडते ती इथंच: वीस हात मारले, चमक आली, झालं असं समजून बारीक दगडावर जातात. हात मोजू नका, बर शोधा. बर आली की त्या दगडाचं काम संपलं, नाही आली तर संपलं नाही, याच्यापेक्षा खात्रीची खूण दुसरी नाही.

बर आली की बारीक दगडावर जायचं आणि परत उतार घासायचा, आधीचे जाड ओरखडे जाईपर्यंत. इथली बर आणखी नाजूक असते. मग पटाशी उलटी करून पाठ पूर्ण टेकवून दोन-चार हात, परत उतारावर दोन, परत पाठीवर दोन, असं हलक्या हातानं करत गेलं की बर झिजून जाते. ती बोटानं किंवा लाकडावर ओढून तोडायची नाही, तुटते तेव्हा धारेचा कण घेऊन जाते आणि कड फाटकी राहते.

शेवटी चामडं. जुन्या न्हाव्याच्या दुकानात वस्तऱ्यासाठी पट्टा टांगलेला असायचा, तेच. जुन्या बेल्टचा तुकडा सपाट लाकडावर चिकटवा, वर हिरवी पॉलिशची वडी घासा. त्या हिरव्या वडीत क्रोमियम ऑक्साइड असतं, त्याचे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे दगडापेक्षा कितीतरी बारीक. पटाशी नेहमी मागं ओढायची, पुढं ढकलली तर चामडं कापलं जाईल. जोर नको, कारण चामडं दबतं आणि दबलेलं चामडं धारेला गोल करतं. काम चालू असताना अधूनमधून दहा हात चामड्यावर मारले की दगड काढायची वेळ बरीच लांबते.

धार लागली का हे तपासायला लोक हातावरचे केस काढून बघतात. त्यापेक्षा पॅकिंगच्या खोक्याचं मऊ पाइनचं लाकूड घ्या आणि त्याच्या आडव्या कापलेल्या तोंडावर पटाशी चालवा. मऊ लाकूड कापायला सोपं वाटतं, पण नीट धार नसेल तर त्याचे तंतू कापले न जाता दबतात, बोथट विळीवर टोमॅटोचं होतं तसं. तोंड गुळगुळीत आणि किंचित चमकदार निघालं तर धार खरी. पांढरट, भुसकट दिसलं तर परत दगडाकडं.

दगडाबद्दल. आपल्याकडं हार्डवेअरच्या दुकानात जो दुहेरी करड्या-काळ्या रंगाचा दगड मिळतो, एक बाजू जाड आणि एक बारीक, तो बहुतेक कार्बोरंडमचा, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला एडवर्ड अॅचिसन नावाच्या अमेरिकन माणसाला तो विजेच्या भट्टीत सापडला. त्याच्यावर पातळ तेल लागतं, शिलाई मशीनचं तेल आणि थोडं रॉकेल, रॉकेल नसेल तर डिझेल. घासताना निघालेली पोलादाची भुकटी तेलात तरंगली पाहिजे, नाहीतर ती दगडाच्या छिद्रांत बसते, दगड काचेसारखा चकचकीत होतो आणि कापायचं बंद करतो. एकदा तेल लावलेल्या दगडावर नंतर पाणी चालत नाही, हे लक्षात ठेवा. आणि दगड मधोमध खोलगट होतो, कारण आपण सगळे मधेच घासतो. खोलगट दगडावर सपाट पाठ कशी बनणार? दगडावर पेन्सिलनं चौकोन आखा, काचेवर 120 चा वॉटर पेपर ठेवून त्यावर दगड घासा, सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट.

विजेचा ग्राइंडर. खाच पडलेल्या पटाशीला तो लागतोच, पण सगळ्यात जास्त पटाश्या मारतो तोही हाच. साधा ग्राइंडर मिनिटाला साधारण 2,800 फेरे घेतो, धार इतकी पातळ असते की तिच्यात उष्णता साठायला जागाच नाही, दोन सेकंदात रंग बदलतो. पोलादावर आधी फिकट पिवळा रंग येतो 220-230 अंश सेल्सिअसला, मग तपकिरी, जांभळा, आणि 300 च्या आसपास निळा. निळा दिसला म्हणजे पोलादाचं पाणी (तापवून दिलेला कडकपणा) उतरलं, ते मऊ झालं, आता धार लागेल पण टिकणार नाही. काही जण निळा डाग पॉलिश पेपरनं घासून काढतात, रंग जातो, पण मऊपणा तसाच राहतो. तेवढा भाग पूर्ण घासून मागं यावं लागतं. उपाय सोपा: हातमोजे न घालता पात्याच्या टोकाजवळ बोट ठेवायचं, बोटाला गरम लागलं की लगेच पाण्यात. चष्मा मात्र घालायचाच. आणि सायकलवर चाक लावून गल्लोगल्ली फिरणाऱ्या धारवाल्या भाऊंकडून कात्री-सुऱ्या जरूर करून घ्या, त्यांचा हात त्यात बसलेला असतो, पण पटाशीला ठराविक कोन आणि सपाट पाठ लागते, ते काम त्या चाकाचं नाही.

रंध्याचं पातं म्हणजे रुंद पटाशीच, वरचं सगळं तसंच लागू. फरक एवढा की रंध्यात पात्यावर दुसरं एक पान स्क्रूनं बसवलेलं असतं. हे पान छिलका लगेच वाकवून मोडतं म्हणून लाकूड आतून उचकटत नाही. फिनिशिंगसाठी ते धारेपासून अर्धा ते एक मिलिमीटर मागं, भरड कामाला दोन मिलिमीटर. या दोघांच्या मधे फट असली की तिथं छिलके अडकतात आणि रंधा तुंबतो, लोक मग रंध्याचं तोंड (तळातली फट) मोठं करून घेतात, काहून ते कळत नाही. पानाची कड काचेवर घासून पात्यावर नीट बसवली की तुंबणं थांबतं. लाकडी रंध्यात पातं पाचरीनं धरलेलं असतं: पात्याच्या डोक्यावर हलकं ठोकलं की ते खाली उतरतं, रंध्याच्या मागच्या टोकावर ठोकलं की वर सरकतं. एकदा बदल केला की पाचर परत बसवायची. तळाला मेणबत्ती घासा, रंधा किती हलका चालतो बघा.

करवतीचं वेगळं शास्त्र आहे. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं चिरायच्या करवतीचे दात छोट्या पटाश्यांसारखे, पुढची बाजू जवळजवळ उभी, कानस सरळ काटकोनात चालवलेली. आडवं कापायच्या करवतीचे दात सुरीसारखे, कानस 15 ते 25 अंश तिरपी धरून केलेले, कारण तिथं तंतू आधी दोन्हीकडून कापावे लागतात. धार लावण्याआधी करवत दोन लाकडी पट्ट्यांमधे वाइसमध्ये (शिकंज्यात) दातांच्या अगदी जवळ पकडा, नाहीतर ती थरथरते आणि किंचाळते. आधी सपाट कानस सगळ्या दातांच्या डोक्यावरून एक-दोनदा फिरवायची म्हणजे सगळे एका उंचीत येतात आणि प्रत्येक टोकावर छोटा चकचकीत ठिपका दिसतो. मग तिकोनी कानस घेऊन प्रत्येक खाचेत फक्त पुढं ढकलायची, मागं येताना उचलायची. ठिपका नाहीसा झाला की थांबायचं, त्या दाताला आणखी एक हातसुद्धा नको.

दात एक आड एक डावी-उजवीकडं किंचित वळवलेले असतात, म्हणून चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि करवत अडकत नाही. हे वळण दरवेळी द्यायचं नसतं, तीन-चार धारांनंतर, करवत लाकडात आवळायला लागली की. कोरड्या, कडक लाकडाला कमी वळण, ओल्या लाकडाला जास्त. दाताचा फक्त वरचा अर्धा भाग वळवा, मुळापासून वळवला तर तुटतो. आणि एक तपासा: आजकालच्या बऱ्याच करवतींच्या दातांची टोकं निळसर-काळी असतात. ते दात विजेनं तापवून इतके कडक केलेले असतात की कानस त्यावरून नुसती घसरते. त्या करवतीला धार लागत नाही, ती बोथट झाली की बदलायची. हातानं धार लावायची असेल तर साध्या दातांचीच घ्या.

जुन्या हत्यारांना नाक मुरडू नका. भंगारात किंवा आठवडी बाजारात रंध्याचं जुनं पातं दिसलं तर उताराकडं नीट बघा, कधीकधी दोन रंगांचे थर दिसतात, खालचा पातळ थर कडक पोलादाचा आणि वरचा मऊ लोखंडाचा, भट्टीत एकत्र ठोकलेले. असं पातं घासायला सोपं आणि धार टिकवायला चांगलं. लोहारानं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून बनवलेली पटाशी किंवा वाकसही (लाकूड तासायचं आडव्या पात्याचं हत्यार) उत्तम निघतो, फक्त पाणी नीट दिलं आहे का ते बघा. नवी कानस धारेजवळ हलकी ओढा: घसरली तर पोलाद कडक, सहज चावली तर मऊ.

धार किती टिकेल हे लाकडावरही आहे. आपल्याकडं सगळ्यांना सागवान लागतं, लकडगंजात (नागपूरच्या लाकूडबाजारात) गेलात की बल्लारशा-आलापल्लीचा माल विचारणारे भेटतात, आणि सागवान आहेच तसं. पण सागवानात सिलिका असते, वाळूतला जो मुख्य घटक तोच, आणि तो धार खातो. म्हणून सागवान करताना सारखं चामड्यावर जावं लागतं, यात हत्याराचा दोष नाही. प्लायवूडमधला गोंद तर याहून वाईट, चांगली पटाशी प्लायवर वापरूच नका. पहिल्यांदाच नंदी कोरणाऱ्यानं शिवणीचं लाकूड घ्यावं असं मी सांगतो, मऊ आहे, कोरायला सोपं आहे.

आता नागपूरची हवा. पावसाळ्यात गंज लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण इथं मे महिन्यातही लागतो, कारण कूलर! बाहेर हवा कोरडी ठणठणीत आणि आत कूलरमुळं खोलीभर ओल, हत्यारांची पेटी नेमकी त्याच झोतात. पेटी कूलरच्या खोलीत ठेवू नका. काम झालं की पातं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, हाताच्या घामातलं मीठच अर्धा गंज आणतं. खोबरेल चालतं, ते सुकून चिकट होत नाही. सोयाबीनचं किंवा जवसाचं तेल पोलादाला नको, ते वाळून राळेसारखं बसतं. पटाशी चामड्याच्या कव्हरमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं. खंडेनवमीला हत्यारं पुजतो तेव्हा ओलं हळद-कुंकू पात्यावर लागतं, दसरा झाला की ते पुसून तेल लावायचं विसरू नका. गंज लागलाच तर हलका असेल तर रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपर, जाड असेल तर रात्रभर व्हिनेगरमध्ये, सकाळी घासून, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून लगेच तेल.

उन्हाळ्यात दांडे आटतात, हातोडी आणि वाकस ढिले होतात. बरेच जण ते पाण्याच्या बादलीत टाकून ठेवतात. दांडा फुगतो, दोन दिवस घट्ट वाटतो, पण लोखंडाच्या आत त्याला फुगायला जागा नसते म्हणून तंतू दबून जातात आणि वाळल्यावर तो आधीपेक्षाही ढिला होतो. त्यापेक्षा नवी पाचर ठोका आणि दांड्याला जवसाचं तेल मुरवा, तेच तेल जे पोलादाला चालत नाही ते लाकडाला फार चांगलं. घाणीचं कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल्ड लवकर वाळतं. फक्त तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका: जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, चिंध्यांच्या ढिगात ती साठते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात, नागपूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच. त्या दोरीवर मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मगच फेका.